नवसाची दिवसपाळी

योगेश इंगोलेची रात्रपाळी सुटली तेव्हा त्याच्या बायकोनं धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत घरोघर पेढे वाटले. योगेशलाही बरोबर नेलं. एकवीस फ्लॅट, एकवीस वेळा अभिनंदन. "सुटलास बाबा एकदाचा," असं जो तो म्हणाला आणि योगेशनं प्रत्येकाला हसून "हो ना" म्हटलं. खरं तर तो पेढ्यांचा डबा जिन्यावरून खाली भिरकावून द्यावा असं त्याला वाटत होतं. पण रात्री झोपायला मिळालं की माणसानं आनंदी व्हायचं, असा आपल्याकडे दंडक आहे. नाही झालं तर लोक काळजी करायला लागतात, आणि लोकांची काळजी निस्तरण्यापेक्षा हसणं सोपं असतं.

गोष्ट अशी होती, की योगेशला रात्री झोप येतच नसे. आजकालची नाही, जन्मापासूनची तऱ्हा. बाहेर फटफटल्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि एकदा लागला की दुपारपर्यंत कानाशी ढोल वाजवला तरी उघडायचा नाही. वाशिमकडच्या त्याच्या गावात याचा कुणाला त्रास नव्हता, उलट कौतुकच होतं. शेतातल्या पंपाची वीज यायची बहुतेक रात्रीची. ओलिताचं नाव काढलं की गावातली बाकीची पोरं गोधडीत शिरायची. योगेश मात्र वडिलांबरोबर, हिंमतरावांबरोबर, बॅटरी घेऊन पहाटेपर्यंत हरभऱ्याला पाणी द्यायचा आणि शाळेत शेवटच्या बाकावर झोपायचा. मास्तरसुद्धा म्हणायचे, झोपू द्या त्याला, रात्रभर राबलाय.

आपण आळशी आहोत हे त्याला कळलं ते पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर. सदाशिव पेठेत तो कॉट बेसिसवर राहायचा. तिथले मालक सकाळी सहाला खोलीत येऊन दिवा लावायचे आणि भिंतीकडे बघत म्हणायचे, "काही मुलांचे आईवडील शेतात राबून पैसे पाठवतात. मी कुणाचं नाव घेत नाही." त्या चार वर्षांत योगेशनं डॉक्टर, योगासनं, थंड पाण्याची अंघोळ असं सगळं करून पाहिलं. सकाळच्या लेक्चरला तो शरीरानं हजर असायचा, एवढाच काय तो फरक पडला.

मग हिंजवडीतली नोकरी लागली. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर नीट चालताहेत ना, हे इथे बसून रात्रभर पाहायचं. सगळे जण रात्रपाळी टाळायला कारणं शोधत असताना यानं ती मागून घेतली. रात्री नऊला सुरू, पहाटे पाचला संपली. साडेपाचला कंपनीची गाडी घरी सोडायची. सात-साडेसातला त्याला गाढ झोप लागायची आणि दुपारी अडीचला तो ताजातवाना उठायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो रोज सात तास झोपू लागला.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. लग्न ठरताना अपेक्षानं विचारलं होतं, रात्रपाळी फार त्रासाची असेल ना? तेव्हाच खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण समोर मुलगी, शेजारी तिचे आईवडील, हातात पोह्यांची बशी. अशा वेळी मला रात्रीच बरं वाटतं असं म्हणणारा जावई कुणाला आवडेल? "चालायचंच, घरासाठी करावं लागतं," असं तो म्हणून गेला. त्या एका वाक्यावर गड्यानं आठ वर्षं काढली.

आणि काय थाटात काढली! सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव लिमये हे सदाशिव पेठेतलं घर बिल्डरला देऊन इकडे राहायला आलेले. येताना दुपारी एक ते चारची झोप तेवढी त्यांनी जशीच्या तशी आणली होती, आणि त्या वेळात गॅसवाल्याचीसुद्धा बेल वाजवायची छाती नव्हती. पण सकाळी झोपणारा माणूस त्यांच्या मते एक तर आजारी असतो, नाही तर वाया गेलेला. योगेशसाठी त्यांनी मोठ्या मनानं तिसरं कारण मान्य केलं आणि जिन्यात पाटी लावली: "तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळी करणारे गृहस्थ राहतात. सकाळी जिन्यात बोलू नये. फारच महत्त्वाचे असल्यास ते खरोखर महत्त्वाचे आहे का, याचा घरी बसून विचार करावा." त्या पाटीपुढे झाडूवाली बाईसुद्धा चप्पल हातात घेऊन जिना चढायची.

घरात तर अपेक्षानं मांजराचं पाऊल उसनं आणलं होतं. कुकरच्या शिट्टीनं त्याची झोपमोड होऊ नये म्हणून ती वरण पातेल्यात शिजवायची. ती ब्लाउज शिवायची, आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांतल्या बायकांचे कपडे तिच्याकडे असायचे. पण दुपारी अडीचपर्यंत ती मशीनला हात लावत नसे. अडीचनंतर त्याचं जेवण आणि मुलीचं सगळं करण्यात संध्याकाळ व्हायची. रात्री आठला योगेश बाहेर पडला की मग ती मशीनवर बसायची. योगेशला हे सगळं ठाऊक होतं. बायको चांगली मिळाली, असं तो कधीमधी मनात म्हणायचा आणि कुशीवर वळायचा.

आता अशा सुखी माणसाची रात्रपाळी सुटली कशी? तर अपेक्षानं त्यासाठी सोळा सोमवार केले. नवऱ्याला दिवसपाळी मिळू दे, सत्यनारायण घालीन, असं शंकराच्या देवळात उभं राहून बोलली. देवावर सगळा भार टाकणं तिला बरं वाटलं नसावं. डिसेंबरात कंपनीनं घरच्या मंडळींना जेवायला बोलावलं होतं, तिथे तिनं योगेशच्या मॅनेजर राजनंदिनी मॅडमना गाठलं. आमची मुलगी रोज रात्री बापाशिवाय झोपते, एवढंच म्हणाली म्हणे. मॅडमना स्वतःची दोन मुलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एप्रिलमध्ये योगेशला दिवसपाळीचं पत्र आलं. वर अभिनंदनाचा फुलांचा गुच्छ.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. चिडायचं कुणावर? बायकोनं उपास केले ते याच्या भल्यासाठी. मॅडमनी नियम वाकवले ते याच्या भल्यासाठी. लिमयेंनी जिन्यातली पाटी काढली आणि "आता माणसांत आलात," असं म्हणून पाठ थोपटली, तीही भल्यासाठीच. एवढी भली माणसं चारी बाजूंनी उभी राहिली की माणसाला पळायला वाट राहत नाही.

झोपेचं पार खोबरं झालं. रात्री साडेदहाला घरातले दिवे मालवायचे. अपेक्षा उशीवर डोकं टेकताक्षणी झोपून जायची आणि योगेश पंख्याची पाती मोजत पडायचा. पंख्याला तीनच पाती असतात, त्यामुळे तेही लवकर संपायचं. पाचच्या सुमाराला कुठे डोळा लागायचा आणि साडेसहाला गजर. दीड तासाच्या झोपेवर तो कंपनीत जाऊन मीटिंगमध्ये बसायचा. दुपारी तीनला शेजारचे लोक काय बोलताहेत ते त्याला विहिरीच्या तळातून ऐकू यायचं.

बरं, सांगावं तर उपाय हजर. झोप लागत नाही एवढं तोंडातून निघायचा अवकाश, सगळी धायरी वैद्य व्हायची. दुधात जायफळ घ्या. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. संध्याकाळी सातनंतर काही खाऊ नका, पहाटे पाचला पर्वती चढा. लिमयेंनी तर "लवकर निजे, लवकर उठे" ही म्हण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली आणि खाली उतरताना पुन्हा एकदा म्हटली. योगेशनं हे सगळं केलं. जायफळानं पोट बिघडलं, तुपावरून पाय घसरला, आणि पर्वतीवर पहाटे पाचला त्याला अशी झोप आली की तो तिथल्या बाकावर आठपर्यंत झोपला. कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा पडली.

शेवटी त्यानं एका डॉक्टरांना गाठलं, तेही सदाशिव पेठेतले, तेही दुपारी एक ते चार बंद. संध्याकाळी सातला त्यांनी त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. तुमच्या शरीराचं घड्याळच मुळात पाच-सहा तास उशिरा लावलेलं आहे, म्हणाले. काही लोकांचं असतं. औषधानं, सकाळच्या उजेडानं तास-दीड तास मागे येईल, पण सगळं येईलच असं सांगत नाही. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आठ-नऊ वर्षं रात्रपाळी होती म्हणता. तब्येत उत्तम होती म्हणता. मग सोडलीत कशाला?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. रडू येईल असं त्याला वाटलं. तो पैसे देऊन खाली उतरला.

तरीही तो घरी काही बोलला नाही, कारण घरी सगळं छान चाललं होतं. अपेक्षाचा चेहरा उजळला होता. ती सकाळी मशीनवर बसायची, रात्री दहा-साडेदहाला झोपायची, स्वयंपाक करताना गुणगुणायची. आपण घरी असतो म्हणून ती खुश आहे, असा योगेशनं अर्थ लावला. या अर्थानं त्याचं तोंड आणखीच शिवलं गेलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलगी स्पृहा पहिलीत गेली. बाबा आता सकाळी घरी असतो म्हणून अपेक्षानं शाळेची बस बंद केली आणि सोडायचं काम योगेशकडे आलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, सिंहगड रोडवर गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला. क्षणभरच. जाग आली ती दुभाजकाला चाक घासल्याच्या आवाजानं. पाय टेकून त्यानं गाडी सावरली. मागून स्पृहानं त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता आणि मागचे लोक हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. स्पृहानं एवढंच विचारलं, "बाबा, तू झोपलास का?" तो "नाही" म्हणाला. शाळेच्या फाटकाशी तिला सोडल्यावर त्यानं गाडी तिथेच लावली आणि तो रिक्षानं कंपनीत गेला.

त्याच दिवशी तो राजनंदिनी मॅडमकडे गेला आणि रात्रपाळी परत मागितली. मॅडम बुचकळ्यात पडल्या. रात्रीच्या टीममधली एक जागा सोमवारी भरणार होती, त्याआधी लिहून दिलं तर ती त्याला मिळाली असती. पण एकदा घेतल्यावर दोन वर्षं तरी बदल होणार नव्हता. "घरी विचारलंत का?" मॅडमनी विचारलं, आणि थोडं थांबून म्हणाल्या, "मिसेसशी बोलून मगच लिहून द्या. मी त्यांना शब्द दिला होता."

म्हणजे आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रपाळी मिळवायची तर ती आपल्याला का हवी हे बायकोला सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे आठ वर्षं आपण काहीच सोसत नव्हतो हेही सांगायचं. गुरुवारी त्यानं जेवताना विषय काढला आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हणून संपवला. शुक्रवारी तेही जमलं नाही. शनिवारी गावाकडच्या पेरण्या आटोपून त्याची आई यमुनाबाई आली, कारण रविवारी सत्यनारायण होता. नवस फेडायचा होता.

रविवारी सकाळी साडेनऊला योगेश कद नेसून पाटावर बसला. शेजारी हिरव्या साडीत अपेक्षा, समोर चौरंगाला केळीचे खुंट बांधलेले, हॉलमध्ये अर्धी सोसायटी. त्याचा जेमतेम तासभर डोळा लागला होता. पूजा त्यानं कशीबशी निभावली, कारण पूजेत हाताला काम असतं. कथा सुरू झाली तसं हाताचं काम संपलं. गुरुजींचा आवाज एका लयीत चाललेला, उदबत्तीचा धूर, पंख्याचा वारा. दुसऱ्या अध्यायात त्याची मान दोनदा खाली गेली आणि दोनदा वर आली. तिसऱ्या अध्यायात ती अपेक्षाच्या खांद्यावर गेली आणि तिथेच राहिली. मग तो घोरायला लागला.

गुरुजी थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं. "हसू नका," लिमये म्हणाले, "आठ वर्षांच्या रात्रपाळीचा शीण आहे. तो काय असा तीन महिन्यांत जातो होय." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायका हळहळल्या. आणि तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या यमुनाबाई सरळ मनानं बोलून गेल्या.

"शीन कायचा जी? याले रातची झोप कधी होतीच कुठं? लहानपनापासून असाच हाय. याचा बापबी तसाच होता. दोघं रातभर ओलित करत अन् मी घरी निवांत झोपत होती. याले रातपाळी लागली तवा मी म्हटलं, चला, देवानं पोराले याच्या जोगतं काम देलं."

म्हातारीनं हे कौतुकानं सांगितलं होतं. बायकांनी ते कौतुकानंच ऐकलं आणि पुन्हा कथेकडे वळल्या. योगेश एव्हाना जागा झाला होता. त्याला अपेक्षाच्या खांद्यावरून डोकं उचलायचा धीर होईना. तो खांदा जराही हलला नव्हता, पण दगडासारखा ताठ झाला होता. उरलेले अध्याय अपेक्षानं हात जोडून ऐकले. आरती केली, प्रसाद वाटला, पंचवीस माणसांना जेवायला वाढलं. योगेशच्या पानात शिरा वाढताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी दोनला घर रिकामं झालं. यमुनाबाई आणि स्पृहा आत आडव्या झाल्या. सोसायटीत सामसूम झाली, कारण एक ते चारचा वेळ. अपेक्षा चौरंगाजवळ बसून फुलं गोळा करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आई म्हणाल्या ते खरं आहे?"

म्हातारी काहीही बोलते, असं म्हणता आलं असतं. पण खोटं रचायलाही अंगात बळ लागतं, आणि तीन महिन्यांत ते संपलं होतं. "खरं आहे," तो म्हणाला. "मला रात्रपाळीचा त्रास नव्हता. कधीच नव्हता." मग एकदा सुरुवात झाल्यावर तो सगळंच बोलला. सदाशिव पेठेतले डॉक्टर, सोमवारची मुदत, मॅडमचं म्हणणं. गाडीवरची डुलकीही त्यानं सांगितली. अपेक्षाच्या हातातली फुलं खाली पडली. तिनं ती एकेक करून पुन्हा उचलली.

मग तिनं भलतंच काहीतरी विचारलं. "पहाटे साडेपाचला घरी यायचात, तेव्हा तुम्हाला झोप येत नसायची?"

"नाही. सातनंतर यायची."

"मग चहा घेऊन लगेच आत जायचात ते?"

"पडायचो नुसता. मोबाइल बघायचो."

"दीड तास?"

"कधी दोन."

अपेक्षानं मान हलवली. ती आता रडेल किंवा ओरडेल असं योगेशला वाटलं आणि दोन्हींची त्यानं तयारी केली. तिनं दोन्ही केलं नाही. ती अगदी साध्या आवाजात बोलू लागली.

"तुम्ही झोपलेले असायचात म्हणून मी दिवसा शिवायचे नाही. रात्री बसायचे. साडेबाराला मशीन बंद करायचे आणि पाचला उठायचे, तुम्ही दमून येणार म्हणून. स्पृहाची वेणी घालताना मला डुलकी यायची. एकदा कंगवा हातातून तिच्या पायावर पडला. दुपारी जरा पडावं तर तुमची उठायची वेळ. तेव्हा तुम्ही आत जागे होतात?"

"हो."

"मला एकदाही हाक मारून म्हणावंसं नाही वाटलं, की तू झोप, मी बघतो?"

"सुचलंच नाही गं," योगेश म्हणाला, आणि दुर्दैवानं ते अगदी खरं होतं. आपल्याला रात्री झोप येत नाही म्हणून जग आपल्यावर कसा अन्याय करतं, याचा त्यानं आयुष्यभर विचार केला होता. जी बाई रात्री झोपू शकते तिला ती झोप मिळते की नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"मी सोळा सोमवार उपाशी राहिले," अपेक्षा म्हणाली, "तुमची झोप व्हावी म्हणून. ती तर रोज होत होती. होत नव्हती ती माझी."

योगेशनं खाली बघितलं. मग त्याला वाटलं आपण काहीतरी चांगलं बोलावं. "राहू दे. मी मॅडमना नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "काढीन मी असेच दिवस. घरासाठी करायलाच—"

"ते पुन्हा सुरू करू नका," अपेक्षानं त्याला मध्येच तोडलं. "घरासाठी केलंत तेवढं पुरे झालं. पोरीला गाडीवर बसवून डुलक्या घेण्यापेक्षा रात्रपाळी बरी. लिहून द्या. पण साडेपाचला तुम्ही दारातून आत आलात की घर तुमच्याकडे. शाळेची बस पुन्हा लावू. दूध, डबा, वेणी, बसपर्यंत सोडणं. मी सातच्या आत उठणार नाही. रात्री दहाला झोपणार. आणि मशीन सकाळी दहाला सुरू होईल. तुम्ही कानात बोळे घाला."

"लोकांना काय सांगायचं?"

"खरं सांगा. एकदा करून बघा, कसं वाटतं ते."

योगेशनं त्याच दुपारी मॅडमना लिहून पाठवलं. सोसायटीत त्यानं खरंही सांगितलं, आणि कुणाचा त्यावर विश्वास बसला नाही. रात्रपाळी आवडते असं कुणी म्हणतं का? कंपनीनं परत जुंपलं आणि बिचारा अब्रू झाकतोय, असं एकमतानं ठरलं. लिमये तर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "इंगोले, आमच्यापासून लपवू नका, नोकरीत काही झालंय का?" त्यानं कपाळाला हात लावला. या गावात खोटं बोललं तर पाटी लावतात आणि खरं बोललं तर कीव करतात.

पुढच्या आठवड्यात तो कामावर रुजू झाला. पहिल्या पहाटे गाडीतून उतरला, साडेपाचला किल्लीनं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. चहाचं पातेलं कुठे असतं हे त्याला माहीत नव्हतं. आठ वर्षं त्याला चहा कपातच भेटला होता. फोडणीच्या डब्यात मोहरी कुठली आणि मेथ्या कुठल्या यावर त्याचा बराच वेळ गेला. पोह्यांत हळद जास्त पडली. दूध उतू गेलं, ते त्यानं हातरुमालानं पुसलं. यमुनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मुलाची ही दशा त्यांनी डोळे भरून पाहिली आणि परत जाऊन पडल्या. सहाला त्यानं स्पृहाला उठवलं, अंघोळ घातली, युनिफॉर्म चढवला. वेणी काही केल्या सरळ येईना. एक कानावर आली आणि दुसरी मानेवर.

"आई कुठेय?" स्पृहानं विचारलं.

"आत आहे. तू पोहे खा."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि लगेच परत आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, आई आजारी आहे?"

"नाही गं."

"मग ती उठत का नाही?"

"तिला झोप आलीय म्हणून."

स्पृहाला हे पटलेलं दिसलं नाही. ती पुन्हा आत गेली. योगेशनं डबा भरला, पाण्याची बाटली भरली, दप्तर दाराशी ठेवलं. सहा पन्नासला खाली बसचा हॉर्न वाजला. तो तिला बोलवायला आत गेला. अपेक्षा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. स्पृहा पलंगाला टेकून उभी होती. हात मागे धरून ती आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"चल, बस आली," तो हळूच म्हणाला.

"थांब ना बाबा," ती कुजबुजली. "मी कधी बघितलंच नाही."